इंकस्केप, लिब्रेऑफिससाठी वर्गणी कशी पाठवावी

कुडाळ-मालवणातले छापखाने नि कॉम्प्युटर क्लास इंकस्केप (चित्रं-डिझाइनसाठी) नि लिब्रेऑफिस (कागदपत्रं-तक्त्यांसाठी) अशा ज्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात, ती बनवणाऱ्यांना वर्गणी द्यायलाच हवी. 2014मध्ये ओपनएसएसएल या वेबसाइटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाची खोट सापडली, तेव्हा निम्मं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या.

दहाजणांनी महिना 50 रुपये काढले तर वर्षाचे 6,000 होतात. हिशोब गणपतीच्या वर्गणीसारखा वहीत ठेवा, पण गोळा करा मे महिन्यात: आंब्याचे पैसे हातात असतात, जून-जुलैत मासेमारी बंद. एका वेळी दोनच सॉफ्टवेअर प्रकल्प निवडा.

रक्कम वर्षातून एकदाच पाठवा. दर व्यवहारामागे ठरावीक शुल्क कापलं जातं, त्यामुळे 50-50 रुपये पाठवले तर बराच भाग त्यातच जातो. पैसे प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या देणगी पानावरूनच भरा, शोधात सापडलेल्या भलत्या दुव्यावरून नाही.

पेमेंट अडतं ते बहुधा कार्डामुळे. या संस्था परदेशातल्या, नि नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू करा, मर्यादा 7,000 ठेवा, पैसे गेले की पुन्हा बंद करा. चलनबदलाचं शुल्क नि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतो. त्यासाठी 300 रुपये बाजूला ठेवा. पावतीची प्रत वहीत चिकटवा. परदेशी संस्थेच्या पावतीवर 80जीची (देणगीवरची प्राप्तिकरातली) सवलत मिळत नाही, हे वर्गणीदारांना आधीच सांगा.