घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क घेताना: मे महिन्याचा हिशेब आधी

जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पंखा सुरू असूनही खोली ४०च्या खाली येत नाही. तिथे नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली साठवणाऱ्या पेटीत) चोवीस तास फिरणारी डिस्क खोलीपेक्षा साधारण १० अंश जास्त तापते. म्हणून कंपनीच्या नावाआधी दोन गोष्टी बघा: डिस्क सीएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का, आणि ती किती तापते.

सीएमआर का? एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या फोटो-व्हिडिओ कॉपीत हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी मोकळ्या जागेत लिहून घेते आणि सवडीने आवरते. पण रेडमधली (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी म्हणून केलेल्या डिस्कांच्या जोडणीतली) एक डिस्क गेली आणि नवी बसवली, की तिच्यावर सलग कित्येक तास लिखाण होतं. आवरायला सवडच मिळत नाही, वेग कोसळतो, आणि कधी नॅस त्या नव्या डिस्कलाच खराब समजून बाहेर काढतं. नेमकी तेव्हा दुसरी डिस्क एकटी सगळा भार ओढत असते.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या काही 'रेड' डिस्क एसएमआर निघाल्या. त्यानंतर सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' हे नाव मिळालं. त्यामुळे दुकानात पडून असलेली नुसती 'रेड' स्वस्त मिळाली तरी मॉडेल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका. सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० सीएमआर आहेत. सीगेटच्याच बाराकुडाच्या २ ते ८ टीबीच्या डिस्क बहुतेक एसएमआर, त्या नॅसला नकोत. शिवाय डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचायला मिनिटभरही झगडत बसते. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि रेडची जोडणी ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून उचलते.

सीसीटीव्हीच्या दुकानात पर्पल किंवा स्कायहॉक डिस्क हमखास हातात ठेवतात, कारण तीच शिलकीत असते. ती कॅमेऱ्यांच्या सलग रेकॉर्डिंगसाठी जुळवलेली असते. चालेल, पण तेवढ्याच पैशात नॅसची मिळत असेल तर तीच घ्या.

आता उष्णता. घरच्या वापराला ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) डिस्क पुरते, कारण गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जातं. ७२००ची जादा वीज खाते, जादा तापते आणि तिचा आवाजही मोठा. एन३०० घ्यायची तर ती ७२००ची आहे हे लक्षात ठेवा. कागदावर मर्यादा ६५-७० अंश असली तरी रोजचं तापमान ४५च्या आत ठेवा, ५०ला इशारा लावा आणि ६०च्या आधी नॅस आपोआप बंद होईल असं बघा. जागा तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, मागे चार बोटं मोकळी सोडून. धाब्याचं जुनं घर असेल तर त्याहून चांगलं. कूलरच्या झोतात मात्र कधीच नको: गार वाटतं, पण ओलावा आणि बारीक धूळ दोन्ही आत ओढली जातात.

घेताना जीएसटी बिल मागा आणि पैसे देण्याआधी डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी बघा. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला ३ वर्षं मिळतात, प्रो मालिकेला ५. दोन डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका. एक जळगावातून, एक नाशिकहून किंवा ऑनलाइन घ्या, म्हणजे एकाच बॅचचा दोष दोन्हींत येणार नाही. कुरिअरने आलेली डिस्क नुसत्या बबलच्या पिशवीत असेल तर परत करा.

डेटा टाकण्याआधीची चाचणी टाळू नका. ४ टीबीला हे करा:

१. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) चालू तास बघा. नव्या डिस्कवर शून्य किंवा एखादाच हवा. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क आकडा शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीगेटमध्ये फार्म लॉगही (डिस्कमधली आणखी एक आतली नोंद) बघा, खरे तास बहुतेकदा तिथे सापडतात.
२. लांब स्मार्ट चाचणी, साधारण ७-८ तास.
३. बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमची पूर्ण लेखन चाचणी, अंदाजे अडीच दिवस. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.
४. पुन्हा स्मार्ट. त्यातला क्रमांक ५, १९७ किंवा १९८ (खराब सेक्टरांची मोजणी) शून्याच्या वर गेला तर परतीची मुदत संपायच्या आत डिस्क बदलून घ्या.

चाचणी शक्यतो भर दुपारी सुरू ठेवा, तापमानाचाही अंदाज येतो.

महावितरणची वीज सांगून जात नाही. दोन डिस्कच्या नॅसला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, पण त्याची यूएसबी केबल नॅसला जोडा म्हणजे वीज गेल्याचं नॅसला कळतं, नाहीतर बॅटरी संपल्यावर नॅस तसंच धाडकन बंद पडतं. यूएसबी नसलेला यूपीएस यासाठी घेऊ नका.

पुढे महिन्यातून एकदा स्मार्टचे तेच आकडे बघा. क्रमांक १९९ (केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांची मोजणी) वाढला तर दोष बहुधा केबलचा किंवा खाच्याचा असतो. नॅस बंद करून डिस्क काढा, खाच्यातली धूळ झटका, घट्ट बसवा आणि आठवडाभर आकडा वाढतोय का ते बघा.