महापालिकेकडे तक्रार करताय? या चुका टाळा

‘आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.’ मोबाइलवर हा मेसेज येतो, आपण गॅलरीतून खाली बघतो आणि चेंबरचं झाकण जसं होतं तसंच तिरकं पडलेलं असतं. ॲपवर जोडलेला फोटो उघडावा, तर तो भलत्याच गल्लीतला. माणूस चिडतो, सोसायटीच्या ग्रुपवर दोन जळजळीत ओळी टाकतो आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक तक्रारी इथेच मरतात. यंत्रणा ढिली आहे हे खरंच आहे, पण तक्रार चुकीच्या दारात नेली किंवा ढोबळ लिहिली, की ती बंद करणं यंत्रणेला फारच सोपं जातं.

रस्ता कोणाचा, हे न बघता तक्रार करणं

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात, काही एमआयडीसीचे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, छावणी भागातले कॅन्टोन्मेंट बोर्डाचे. मुंबईतले दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होते, मग ते मुंबई महापालिकेकडे आले. ‘सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या एका वाक्यात तक्रार बंद होते आणि दोन आठवडे वाया जातात. क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला आधी एवढंच विचारून घ्या.

एका अर्जात अख्खं गाऱ्हाणं

‘आमच्या भागात पाणी कमी येते, कचरा उचलत नाहीत, दिवे बंद आहेत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ या अर्जाचं काय होतं? पाणीपुरवठा, घनकचरा आणि विद्युत ही तीन वेगवेगळी खाती. अर्ज एका टेबलावर जातो, तिथला कारकून आपल्या खात्यापुरतं उत्तर देतो, बाकीचं विरून जातं. एका खात्याला एक अर्ज. आणि त्यात असं लिहा: ‘अमुक चौकातून तमुक शाळेकडे जाताना डाव्या हाताला, विजेच्या खांब क्रमांक इतक्याशेजारी ड्रेनेज चेंबरचे झाकण तुटले आहे. नवीन झाकण बसवून लेखी कळवावे.’ जागा, बिघाड आणि काय हवं, तिन्ही आलं. ‘योग्य ती कार्यवाही’ लिहिलं, की योग्य काय ते त्यांनीच ठरवायचं.

ॲपवर तक्रार केली तर टोकन क्रमांक जपा, मुंबईत १९१६ वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि कागदी अर्ज असेल तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चला. मुकादमाला तोंडी सांगून काम झालं तर उत्तमच. नाही झालं, तर ते सांगणं कुठेच मोजलं जात नाही.

‘बंद’ झालेली तक्रार सोडून देणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पुष्कळ जण नव्याने तक्रार नोंदवतात. मग नवा क्रमांक मिळतो, नवी मुदत सुरू होते आणि जुनी तक्रार ‘निकाली’ म्हणून त्यांच्या आकडेवारीत जाऊन बसते. त्याऐवजी जुन्याच क्रमांकाचा हवाला देऊन, त्या दिवसाचा फोटो जोडून, उपअभियंता किंवा सहायक आयुक्तांना लेखी कळवा की काम झालेलं नाही. सोबत एकच प्रश्न विचारा: स्थळपाहणी कोणी आणि कोणत्या तारखेला केली? या प्रश्नाने फाइल हलते, कारण त्याचं उत्तर कोणाला तरी नावानिशी द्यावं लागतं.

उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार आहेच. पण तिथेही लोक घोटाळा करतात. ‘खड्डा अजून का बुजवला नाही?’ असं विचारतात आणि ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर पदरात पाडून घेतात. कायद्याने मिळतो तो अभिलेख. म्हणून कागद मागा: तक्रार क्रमांक अमुकचा स्थळपाहणी अहवाल, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतली, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिथे नोंदवतात त्या वहीतली, संबंधित पानं. रस्ता नवा असेल तर त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, हे दाखवणारा निविदेतला भागही मागा. या कालावधीत रस्ता उखडला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. निधी नाही म्हणणाऱ्या अभियंत्यापुढे हा कागद ठेवून बघा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क १० रुपये आणि मुदत ३० दिवसांची. तेवढंही थांबायचं नसेल, तर २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत फाइल बघायला मिळते. हा नियम कित्येक कार्यालयांतल्या लोकांनाही आठवत नाही. निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

दाखला अडला, तरी साधी तक्रारच करत बसणं

जन्म-मृत्यूचा दाखला, नळजोड, थकबाकी नसल्याचा दाखला अशा अधिसूचित सेवांसाठी तक्रार हा रस्ताच नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात या सेवांना ठरलेली मुदत आहे आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी नेमलेला आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण सरकारी नोकराला आपल्या नावावर दंडाची नोंद नको असते. लक्षात घ्या, खड्डा आणि कचरा यांना हा कायदा लावता येत नाही.

घरपट्टीचा वाद खिडकीवर

घरपट्टी अचानक वाढली, की लोक करसंकलन कार्यालयात अर्जावर अर्ज देतात. कारकून ते घेतोही, पोचही देतो. तोवर मुदत निघून जाते. करवाढीची विशेष नोटीस येते तेव्हाच, तिच्यात दिलेल्या दिवसांत हरकत घ्यायची आणि सुनावणीला हजर राहायचं. त्यावरचा निर्णय पटला नाही, तर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण १५ दिवसांत आणि वादातली रक्कम भरून. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा लागू आहे, त्यामुळे तिथल्यांनी पुण्या-ठाण्याचा नमुना उतरवू नये. अर्ज देत राहिल्याने मुदत थांबत नाही, हे मात्र सगळीकडे सारखंच.

थेट ‘वर’ जाणं

मंत्र्यांना पत्र लिहिलं, तरी ते खाली उतरत उतरत त्याच उपअभियंत्याच्या टेबलावर ‘उचित कार्यवाहीसाठी’ येऊन पडतं. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांकडे होणारा लोकशाही दिन बरा. विहित नमुन्यात, १५ दिवस आधी अर्ज द्यायचा. फक्त तक्रार वैयक्तिक लागते. ‘समस्त रहिवासी’ अशा सह्यांचा अर्ज, न्यायप्रविष्ट बाब किंवा ज्यावर अपील करता येतं असा विषय तिथे घेत नाहीत. सोसायटीच्या लेटरहेडवर गेलेले अर्ज बहुतेक वेळा यामुळेच परत येतात.

आणि लोकायुक्त? १९७१ च्या कायद्यात ‘गाऱ्हाणे’ आणि ‘अभिकथन’ असे दोन प्रकार आहेत. कारभारातल्या दिरंगाईमुळे किंवा मनमानीमुळे तुमच्यावर अन्याय झाला, तर ते गाऱ्हाणं, आणि ते बारा महिन्यांच्या आत न्यावं लागतं. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर ते अभिकथन. दोन्ही एकाच कागदात कालवू नका. न्यायालयात दाद मागण्याची सोय असेल, तर लोकायुक्त सहसा हात घालत नाहीत. ते शिफारस करतात, हुकूम नाही. तरी लोकायुक्त कार्यालयाने अहवाल मागवला, की महिनोन्महिने न सापडलेली फाइल सापडते, असा अनुभव आहे. त्यांच्यापुढे ठेवायला तारीखवार पत्रव्यवहार हवा. पोच जपायची ती त्यासाठीच.

नुकसान झालं, पण कागद नाही

खड्ड्यात पडून पाय मोडला, तर लोक दवाखान्यात जातात आणि पोलिसांत नोंद करायची राहून जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमीला इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दावा ठरवायला महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे आणि दिलेली रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायची आहे. मागायचं असेल, तर पोलीस नोंद, केसपेपर, बिलं आणि त्याच दिवशीचा जागेचा फोटो लागेल. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवलेला असू शकतो. भरपाईची वेळ आली, की तो अचानक कोणालातरी दिसतो. दिवाणी दावा लावणार असाल, तर महापालिकेला आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याची मुदत सहाच महिन्यांची आहे, त्यामुळे वकिलाकडे पहिल्या महिन्यातच जा.