कात्री शोधायची गरजच काय?

शिवण संपली की कात्री कापडाखाली कुठेतरी गडप झालेली असते. तरी शिलाई मशीनच्या फुटाच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) दांड्याला मागच्या बाजूने पाहा. नवीन मशीन असेल तर डावीकडच्या अंगाला. तिथे लहानशी खाच दिसेल. आत पातं आहे. हा दोरा कापायचा कटर! वर्षानुवर्षं मशीन चालवणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो.

कापण्याआधी हाताचं चाक स्वतःकडे फिरवून दोरा ओढणारा लिव्हर अगदी वर आणा. मग फूट उचला, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण सुटतो. कापड मागे-डावीकडे काढा, वरचा आणि बॉबिनचा (खालच्या रिळाचा) असे दोन्ही दोरे एकत्र धरून खाचेत अडकवा आणि खाली खेचा. सुईकडे साधारण 10 सेंमी दोरा उरायला हवा. लिव्हर खाली असताना कापलंत, तर पुढच्या शिवणीच्या पहिल्याच टाक्याला तो वर जाताना दोरा सुईतून ओढून काढतो, आणि आपण उगाच सुईला किंवा दोऱ्याला दोष देत बसतो.

कटर दोरा नीट न कापता कुरतडू लागला तर पातं बोथट झालं असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा खाचेत कापसाची भुकटी साचलेली असते; जुन्या टूथब्रशने झाडा. बोटाने नको, पातं लहान असलं तरी लागतं. जाड नायलॉनचा दोरा मात्र कात्रीनेच कापलेला बरा.