रुपया घसरला म्हणजे भाव वाढणारच? शेतमाल निर्यातीतल्या या चुका टाळा

डॉलर वधारला की नाशिक-निफाडच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, "माल धरून ठेवा, निर्यातवाले आता जास्त देणार." शेतकरी उत्पादक कंपन्यांचे निर्यातीचे हिशेब तपासणं हे माझं काम. या एका समजुतीपायी बुडालेले पैसे मी हंगामामागून हंगाम बघतोय, आणि ते शेतकऱ्याच्या घामाचे असतात.

डॉलर बघायचा आणि माल युरोत विकायचा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०२२ च्या द्राक्ष हंगामात एका गटाने फेब्रुवारी-मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला कंटेनर पाठवले. व्यवहार कन्साइनमेंटवर होता, म्हणजे तिकडे विकेल तो भाव आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी. माल निघाला तेव्हा युरो ८४-८५ रुपयांच्या घरात होता. युक्रेनचं युद्ध पेटलं. जानेवारीत साडेचौऱ्याहत्तरला असलेला डॉलर मेमध्ये साडेसत्याहत्तरवर गेला. "रुपया नीचांकी" अशा बातम्या वाचून संचालकांनी सभासदांना वाढीव दराचा शब्द दिला. बँकेने फॉरवर्ड करार, म्हणजे पुढच्या तारखेचा विनिमय दर आजच पक्का करणं, सुचवला होता, तो "अजून चढेल" म्हणून नाकारला.

पण त्या महिन्यांत युरो डॉलरसमोर रुपयापेक्षाही जास्त पडत होता. जुलैत तर युरो आणि डॉलर बरोबरीला आले. मेमध्ये पैसे जमा झाले तेव्हा युरो ८१-८२ वर होता, आणि जहाजाचं भाडं मात्र डॉलरमध्ये मोजलेलं. येणारं चलन उतरलं, जाणारं चढलं. द्राक्षाचा एक मणी खराब नव्हता, तरी पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, तूट आली आणि दिलेला शब्द पाळायला गटाला कर्ज काढावं लागलं.

मी वहीत तीनच गोष्टी लिहितो: पैसे कोणत्या चलनात येणार, कोणत्या चलनात जाणार आणि कोणत्या महिन्यात. त्यानंतर अंदाजे निम्मी रक्कम फॉरवर्डमध्ये बांधायला सांगतो. आपले व्याजदर युरोपपेक्षा जास्त असल्याने निर्यातदाराला फॉरवर्डमध्ये सहसा हजर (आजच्या) दरापेक्षा थोडा वरचाच दर मिळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सगळी रक्कम मात्र बांधू नका. माल कमी विकला गेला तर करार मोडायचा खर्च तुमच्याच अंगावर येतो. रोज दहादा मोबाइलवर दर बघण्यापेक्षा हे एक काम वेळेवर करा.

समोरच्याचं चलन न बघणं

लातूरचा सोयाबीनवाला रुपया बघतो. भाव ठरवण्यात ब्राझीलचा रिआल आणि अर्जेंटिनाचा पेसो यांचाही हात असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिना सरकारने फक्त सोयाबीनसाठी डॉलरला २०० पेसोचा खास दर दिला. सरकारी दर तेव्हा १४० च्या आसपास होता. महागाईच्या भीतीने तिथल्या शेतकऱ्यांनी प्लास्टिकच्या लांबलचक पिशव्यांत सोयाबीन साठवून ठेवलं होतं. या दराने ते भराभर बाजारात आलं. सोयापेंड आणि सोयातेल निर्यातीत हा देश जगात पहिला, आपल्याकडे सोयातेलही मुख्यतः तिथूनच येतं. मग नुसता रुपया बघून साठा धरणाऱ्याचा अंदाज कसा जुळणार? साठा धरायचाच असेल तर आठवड्यातून एकदा या दोन चलनांवर नजर टाका.

इंटरनेटवरच्या दराने हिशेब मांडणं

तो दर तुम्हाला मिळत नाही. बँकेला फोन करून त्यांचा खरेदी दर विचारा.

धोरण विसरणं

८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली. डॉलर ८३ च्या वर होता, पण सरकारच्या खास परवानगीशिवाय कांदा बंदरातून जाऊच शकत नव्हता. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊनच. कांद्यात आधी दिल्लीची अधिसूचना वाचा, विनिमय दर नंतर.

खर्चाची बाजू कोरी ठेवणं

युरियाची गोणी सरकारी दराने मिळते, त्यामुळे डॉलरचा फटका अनुदानावर बसतो. विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खतांना असं छत्र नाही आणि त्यातली बरीचशी बाहेरून येतात. द्राक्षवाल्याने निर्यातीचा वाढीव पैसा मोजताना या खतांची बिलंही त्याच पानावर मांडावीत.