कॉलेजमधला स्टार्टअप सोडायचा असेल, तर आधी चाव्या गोळा करा

कॉलेजात मित्रांनी मिळून काढलेलं ॲप विकायला किंवा ज्युनिअर्सच्या हाती द्यायला गेलं, की गाडी पासवर्डवर अडते. माटुंग्यात जुन्या पुस्तकांच्या देवाणघेवाणीचं आमचं ॲप होतं. डोमेन (वेबसाइटचं नाव) एका मित्राच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलेलं. तो पास झाला, ईमेल बंद पडला, आणि घेणारा तयार असूनही व्यवहार महिनाभर लटकला.

म्हणून पहिल्याच सेमिस्टरला हे करून ठेवा:

१. स्टार्टअपच्या नावाचा वेगळा ईमेल काढा. डोमेन, प्ले स्टोअर, होस्टिंग, पेमेंट गेटवे सगळं त्यावरच. रिकव्हरीला दोघांचे नंबर द्या, एकाचा कधीच नको.

२. एका शीटवर लिहा: कोणतं खातं, कोणाच्या नावावर, रिन्यूअल कधी. दर परीक्षेनंतर तपासा.

३. नोकरी लागून कोणी बंगळुरूला गेला, तर त्याच्या हिश्श्याचं काय, हे मैत्री घट्ट असतानाच लिहून सह्या घ्या. हे सगळ्यात अवघड, पण टाळू नका.

४. प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर बंद करायच्या एसटीके-२ फॉर्मची सरकारी फीच १०,००० रुपये आहे. तेवढे खात्यात राखून ठेवा. जीएसटी नोंदणी रद्द केलीत, तर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० (शेवटचं विवरणपत्र) भरायचा असतो.

एक मात्र सांभाळा: विद्यार्थ्यांचे फोन नंबर आणि पत्ते त्यांना न विचारता नव्या मालकाला देऊ नका.