वाय-फाय अडलं तर आधी रीस्टार्ट, रीसेट अगदी शेवटी

राउटरच्या मागच्या बाजूला चालू-बंद करायचं एक बटण असतं आणि त्याच्या आसपासच टाचणी जाईल एवढं बारीक भोक. बटणाने होतो तो रीस्टार्ट, भोकात टाचणी दाबून धरली की होतो तो रीसेट. फोनवर कुणी सांगत असेल तर एकाच्या जागी दुसरं हमखास ऐकू येतं. रीस्टार्ट केल्यावर राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि वाय-फायचं नाव, पासवर्ड, कंपनीने घालून दिलेली माहिती सगळं जागच्या जागी राहतं. रीसेट केल्यावर तो दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा होतो.

हा फरक मला अद्दल घडून कळला. आम्ही कोथरूडला राहतो. दोन वर्षांपूर्वी रात्री नऊच्या सुमाराला नेट गेलं आणि मुलीची दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑनलाइन परीक्षा होती. घाबरून मी सेफ्टी पिन घेतली आणि त्या भोकात दाबून धरली. सगळे दिवे विझले, परत लागले, वाय-फायचं नावच बदललं आणि इंटरनेटचा दिवा काही लागेना. साडेदहाला समोरच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही सुरू झाले, शेजाऱ्यांचं नेट आलं, फक्त आमचं आलं नाही. बिघाड मुळात आमच्या घरात नव्हताच, केबलवाल्याचा पलीकडच्या गच्चीवरचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटून देणारा डबा, बंद पडला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मुलीने परीक्षा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली, मधे दोनदा कनेक्शन तुटलं, आणि तिचा त्या वेळचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहिते आहे.

आधी ठरवा, अडलंय कुठे

राउटरला हात लावण्याआधी पाच मिनिटं या तपासणीला द्या. एकाच फोनवर नेट चालत नसेल आणि बाकी सगळ्यांचं चालत असेल, तर दोष त्या फोनचा. त्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जाऊन आपलं नेटवर्क ‘फर्गेट’ करा आणि पासवर्ड घालून परत जोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

तपासताना मोबाइल डेटा बंद ठेवा. वाय-फाय मेलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. घरात दोघंजण "माझं चालतंय", "माझं नाही" म्हणून भांडत असतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मग शेजारी विचारा. त्यांचंही त्याच कंपनीचं नेट गेलं असेल तर तुमच्या घरात करण्यासारखं काही नाही. आणि महिन्याचा प्लॅन संपलाय का तेही बघा. प्लॅन संपला तरी राउटरचे बरेचसे दिवे नेहमीसारखेच दिसतात.

दिवे वाचायला शिका

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुमच्याकडे नेट आहे का गं? आमचा टीव्ही सकाळपासून नुसता गोल गोल फिरतोय."

"आमचं चालू आहे काकू. डब्यावर लाल दिवा दिसतोय का?"

"थांब, चष्मा घेते. हो गं, एक लाल मिणमिणतोय."

"त्याच्याखाली काय लिहिलंय?"

काकूंनी एकेक अक्षर वाचून दाखवलं: एल, ओ, एस. एवढ्यावरून मला पुढचं सगळं कळलं.

फायबरच्या कनेक्शनमध्ये भिंतीतून येणारी बारीक वायर ज्या डब्यात शिरते, त्यावर इंग्रजीत पॉवर, पॉन, एलओएस, इंटरनेट अशी नावं असतात. काही घरांत हा डबा आणि राउटर एकच असतो, काही घरांत वेगवेगळे. पॉनचा दिवा हिरवा स्थिर असेल तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर वायरमधून प्रकाशच येत नाही, मग तुम्ही शंभर वेळा बंद-चालू करा, उपयोग शून्य. पॉन ठीक आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर लॉगिनमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला अडचण आहे. इथे रीस्टार्ट कामाला येतो. सगळे दिवे ठीक असूनही पानं उघडत नसतील, तर रीस्टार्टने सुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

काकूंकडे मी जिना उतरून गेले. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं कपाट भिंतीला अगदी टेकवलं होतं आणि ती पिवळी वायर कपाटाच्या पायात काटकोनात दुमडून बसली होती. फायबरच्या आत काचेचा केसासारखा धागा असतो. तो मोठ्या वळणाने फिरवला तर चालतो, घडी घातली की प्रकाश तिथेच अडतो. कपाट चार बोटं पुढे ओढलं, वायर सैल केली, आणि अर्ध्या मिनिटात लाल दिवा विझला. दर वेळी असं होईलच असं नाही. धागा आतून तुटला असेल तर माणूसच यावा लागतो. वायरच्या टोकाला बहुधा हिरवं प्लास्टिकचं कनेक्टर असतं, ते ओढून काढू नका, आणि कुणी काढलंच तर त्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

रीस्टार्ट: नीट कसा करायचा

राउटर हा एक छोटा संगणकच आहे. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे बाहेर कुणाकुणाशी बोलतायत याची यादी तो आपल्या छोट्याशा मेमरीत ठेवत असतो. आठवडेच्या आठवडे चालू राहिला की ती मेमरी तुंबते, किंवा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला धागा अर्धवट तुटून तसाच लटकत राहतो. बंद-चालू केलं की यादी कोरी होते आणि जोडणी नव्याने होते. यात जादू काही नाही.

पहिलं काम, राउटर बटणाने बंद करा आणि भिंतीवरचा स्विचही बंद करा. फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही. नुसता राउटर बंद-चालू केला आणि डबा तसाच ठेवला, तर अडकलेलं अडकलेलंच राहू शकतं.

मग ३० सेकंद थांबा. इथेच सगळे घाई करतात. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते. लगेच चालू केलं तर मेमरी पूर्ण पुसली जाईलच याची खात्री नाही. घड्याळ बघून थांबा.

आता आधी फायबरचा डबा चालू करा. पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, राउटरला हात लावू नका. मग राउटर चालू करा आणि परत दोन-तीन मिनिटं द्या. या वेळात दिवे लागतील, विझतील, रंग बदलतील, तो आतून सुरू होतोय. घाबरून मधेच परत बंद करू नका.

शेवटी एका फोनवर नेट बघा, मोबाइल डेटा बंद ठेवून. चाललं की मग बाकीच्यांचं.

पुण्यात याला एक गुरुवारची जोड आहे. महावितरणची देखभालीची कामं इथे बहुतेक गुरुवारी असतात, वीज जाते, आणि परत येताना दोन-तीनदा झटके देत येते. अशा वेळी राउटरचा स्विच बंद ठेवा आणि वीज स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. घरात इन्व्हर्टर असला तरी नेट येईलच असं नाही. ज्यांच्याकडे गच्चीवरच्या स्विचमधून साधी लॅन केबल खाली येते, त्यांच्या तिथल्या स्विचला वीज नसेल तर घरचा राउटर हिरवागार दिसूनही नेट नसतं. मे महिन्यात वळीव सुरू झाला की अशा कनेक्शनवाल्यांनी आणखी एक करावं: आभाळ भरून आलं की, विजा कडाडायला लागण्याआधीच, अॅडॉप्टर प्लगमधून काढावा आणि लॅन केबलही राउटरपासून सोडवून ठेवावी. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या केबलीतून विजेचा झटका थेट राउटरच्या पोर्टपर्यंत येतो आणि पोर्ट जळतो.

रोजच रीस्टार्ट करावा लागत असेल तर

मग रोग वेगळा आहे. राउटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर त्याला हवा मिळत नाहीये. टीव्हीच्या खणातून, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरून काढून मोकळ्या जागी ठेवा. अॅडॉप्टरही बघा. जुना अॅडॉप्टर थकला की राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो. नवीन घेताना राउटरच्या खालच्या स्टिकरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा अॅडॉप्टर पिन बसतेय म्हणून लावू नका.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पलीकडच्या खोलीत पोहोचतच नाही, आणि लोक राउटरला दोष देतात. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडा, वेग कमी मिळेल पण टिकेल.

रीसेट: कधी, आणि कसा

रीसेट करायला कारण लागतं. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड विसरलात, कुणाकडून वापरलेला राउटर घेतलात, किंवा कुणीतरी आत जाऊन सेटिंग बिघडवून ठेवली, ही खरी कारणं. नेट हळू चालतंय, हे कारण नाही.

पिन हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. फोन वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरच्या स्टिकरवर दिलेला पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, आकडे इंग्रजीत टाकायचे. पासवर्ड विसरल्यामुळे आत शिरता येत नसेल, तर पुढची माहिती केबलवाल्याकडूनच घ्या. आत ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ नावाचं पान असेल. तिथे जोडणीचा प्रकार लिहिलेला असतो. ‘पीपीपीओई’ लिहिलं असेल तर नीट लक्ष द्या. याचा अर्थ तुमचा राउटर कंपनीकडे एक युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरतो, आणि रीसेटमध्ये तो पुसला जातो. त्या रात्री माझं नेमकं हेच गेलं होतं. पासवर्ड पानावर ठिपक्यांच्या रूपात दिसतो, म्हणून फोन करून केबलवाल्याकडून लिहून घ्या. त्याच पानावर व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीने जोडणीसाठी दिलेला, आकडा असेल तर तोही उतरवा. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि वाय-फायचं नाव नि पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसकट कागदावर लिहा.

कंपनीने दिलेला फायबरचा डबा मात्र त्यांना विचारल्याशिवाय कधीच रीसेट करू नका. त्यातली माहिती घरी बसून परत भरता येईलच असं नाही.

एवढं झालं की राउटर चालू ठेवूनच सिमकार्ड काढायची पिन भोकात घाला, आतलं बटण टिक् असं लागेल, ते सुमारे १० सेकंद दाबून धरा. दिवे एकदम लुकलुकले किंवा विझले की सोडा. मग तीन मिनिटं वीज बंद करू नका. काही राउटरवर भोक नसतं, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय) आणि रीसेट एकाच बटणावर असतं. अशा बटणावर मुलांनी खेळता खेळता बोट धरून ठेवलं तरी राउटर कोरा होतो, तेव्हा तो उंचावर ठेवा.

रीसेटनंतर

स्टिकरवर छापलेल्या नावाचं वाय-फाय आता दिसेल, पासवर्डही तिथेच असतो. जोडा, त्याच पत्त्यावर जा, राउटरचा नवा अॅडमिन पासवर्ड ठेवा. स्टिकरवरचा तसाच ठेवलात तर घरी येणारा कुणीही फोटो काढून आत शिरू शकतो. मग वॅनच्या पानावर कागदावरचं युजरनेम-पासवर्ड भरा आणि इंटरनेटचा दिवा लागतोय का बघा. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा.

आणि वाय-फायचं नाव व पासवर्ड जुनेच ठेवा, एकही अक्षर न बदलता. असं केलं की टीव्ही, कॅमेरा, आजोबांचा टॅब, सगळे आपोआप परत जोडले जातात. नाहीतर रात्री अकराला रिमोटने एकेक अक्षर निवडत बसावं लागतं.

तरीही नाही चाललं तर केबलवाल्याला फोन लावा आणि "नेट नाही" एवढंच सांगू नका. "पॉन हिरवा आहे, इंटरनेट लाल आहे, दोन्ही डबे ३० सेकंद बंद ठेवून चालू केले, शेजारच्यांचं नेट चालू आहे," असं सांगा. पलीकडचा माणूस लगेच मुद्द्यावर येतो. तक्रारीचा नंबर घ्या आणि त्याच कागदावर, युजरनेमच्या खाली, तारखेसकट लिहून कागद कपाटात जपून ठेवा.