अमेरिकेत घर भाड्यानं घ्यायचं की स्वस्तातलं मॅन्युफॅक्चर्ड होम विकत? या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी स्थिरावली, मुलं शाळेत जाऊ लागली की बहुतेक मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दर महिन्याला एवढं भाडं भरतोय, सगळे पैसे पाण्यात." चांगल्या शाळेसाठी स्वतंत्र घर भाड्यानं घेतलेलं असतं, तसंच घर विकत घेणं आवाक्याबाहेर असतं. मग नजर जाते मॅन्युफॅक्चर्ड होमकडे. हे घर कारखान्यात बांधतात, ट्रकनं आणतात आणि जागेवर बसवतात. 2023 साली अशा नव्या घराची सरासरी किंमत, जमीन सोडून, सुमारे 1,24,000 डॉलर होती. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, सनीवेल भागात जुनं साधं घरही दहा लाख डॉलरच्या पुढे जातं, तिथे हा आकडा पाहून कुणाचंही मन हलणारच.

या घरांबद्दल माझ्या मनात आकस नाही. विचार करून घेतलं तर ते कुटुंबाला खरंच उभं करू शकतं. पण घेताना होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच न विचारलेला प्रश्न असतो.

जमीन कुणाची, हे शेवटी विचारणं

स्वस्त दिसणारी बरीचशी मॅन्युफॅक्चर्ड घरं पार्कमध्ये, म्हणजे अशाच घरांच्या वसाहतीत, असतात. घर तुमचं, त्याखालची जागा पार्कच्या मालकाची. त्या जागेचं दरमहा भाडं म्हणजे लॉट रेंट. मुंबई-पुण्यात ज्यांनी सोसायटीच्या कन्व्हेयन्ससाठी वर्षानुवर्षं बिल्डरच्या मागे फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना इमारत आपली आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. इथे फरक एवढाच की जमीन कधीच तुमच्या नावावर होणार नसते आणि तिचं भाडं वाढत राहतं.

"पटलं नाही तर घर उचलून दुसरीकडे नेऊ" हा समज मनातून काढून टाका. एकदा बसवलेलं घर हलवायला हजारो डॉलर लागतात. दोन भागांत आलेलं डबलवाइड असेल तर खर्च आणखी वाढतो. शिवाय जुनं घर आत घ्यायला दुसरी पार्कं सहसा तयार नसतात. गेल्या काही वर्षांत मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी ही पार्कं विकत घेण्याचा सपाटा लावला आहे, तो याच कारणानं. भाडं वाढलं तरी रहिवासी जाऊन जाणार कुठे?

म्हणून घर बघण्याआधी त्या राज्याचा आणि त्या शहराचा नियम बघा. न्यूयॉर्कमध्ये 2019 पासून लॉट रेंटची वाढ वर्षाला 3 टक्क्यांवर बांधलेली आहे. ठोस कारण दाखवलं तरच ती 6 टक्क्यांपर्यंत जाते. वॉशिंग्टन राज्यानं 2025 मध्ये 5 टक्क्यांची मर्यादा घातली. सॅन होजेचा स्वतःचा नियम आहे, वाढ महागाईशी जोडलेली. कित्येक राज्यांत मात्र कसलीच मर्यादा नाही. पार्कच्या ऑफिसात गेलात की मागच्या पाच वर्षांचं लॉट रेंट लेखी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर मी तिथे घर घेणार नाही.

एक चांगली वाटही आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये 1984 साली एका पार्कच्या रहिवाशांनी सहकारी संस्था करून जमीनच विकत घेतली. आज देशभर अशी तीनशेहून अधिक पार्कं आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला सहकार काही नवा नाही. आपल्या भागात असं पार्क असेल तर यादीत ते सगळ्यात वर ठेवा.

नुसतं भाडं आणि नुसता हप्ता समोरासमोर ठेवणं

"भाडं 2,200, हप्ता 720. मग विचार कसला?" ही तुलना अपुरी आहे. एक उदाहरण मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पार्कमधल्या घरासाठी 80,000 डॉलरचं कर्ज, 9 टक्के व्याज, 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 720. त्यात लॉट रेंट 800, विमा आणि कर 150, दुरुस्तीसाठी बाजूला 100. झाले 1,770. म्हणजे महिन्याची बचत दीड हजारांची नाही, चारशेच्या आसपास. चारशेही कमी नाहीत, पण आणखी एक गोष्ट बघा. सात वर्षं नेमानं हप्ते भरून तुम्ही 60,000 डॉलरच्या वर पैसे दिलेले असतील आणि तरी सुमारे 66,000 देणं बाकी असेल. लॉट रेंट दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढलं तर ते तोवर 1,200 वर पोचलेलं असेल. भाड्याच्या घराचं भाडंही वाढेलच, तेही त्याच कागदावर मांडा. जाताना घर किती किमतीला जाईल, हा आकडा त्यात हवाच.

कर्ज कुठल्या जातीचं आहे हे न बघणं

वरच्या उदाहरणात 9 टक्के व्याज मुद्दाम धरलं आहे. जमीन तुमची नसेल तर घर कायद्यानं बहुधा जंगम मालमत्ता ठरतं आणि मिळतं ते चॅटल लोन. व्याज जास्त, मुदत कमी, ग्राहकाला संरक्षणही कमी. हप्ते थकले तर अनेक राज्यांत घर ताब्यात घेण्याची प्रक्रिया साध्या मॉर्गेजपेक्षा, म्हणजे नेहमीच्या गृहकर्जापेक्षा, पुष्कळ वेगानं होते. केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या 2021 च्या अहवालानुसार मॅन्युफॅक्चर्ड घर खरेदीची सुमारे 42 टक्के कर्जं याच प्रकारची होती.

घर स्वतःच्या जमिनीवर, कायमच्या पायावर बसवून स्थावर मालमत्ता म्हणून नोंदवलं तर साधं मॉर्गेज मिळू शकतं. तेच 80,000 डॉलर 7 टक्क्यांनी मिळाले तर वीस वर्षांत जवळपास 24,000 डॉलर वाचतात. पुढे किमतीचा प्रश्नही बराच सुटतो. "ही घरं गाडीसारखी किंमत गमावतात" असं सरसकट म्हणतात, पण फेडरल हाउसिंग फायनान्स एजन्सीच्या निर्देशांकात अशा स्थावर म्हणून नोंदलेल्या घरांच्या किमती साध्या घरांच्या जवळपास बरोबरीनं वाढलेल्या दिसतात. हा दिलासा पार्कमधल्या जंगम घराला लावू नका, त्या आकडेवारीत ती घरं धरलेली नाहीत.

विक्रेत्याच्या ऑफिसात, त्यानंच पुढे केलेल्या कर्जाच्या अर्जावर त्याच दिवशी सही करू नका. दोन-तीन क्रेडिट युनियनकडे, म्हणजे इथल्या सहकारी पतसंस्थांकडे, आधी चौकशी करा.

आई-बाबा येणार आहेत, हे विसरणं

कित्येक पार्कं 55 वर्षांवरच्यांसाठी राखीव असतात. तिथली घरं स्वस्त दिसतात आणि पस्तिशीतलं जोडपं उत्साहानं फोन करतं. जाहिरातीत हे आधी शोधा. सगळ्या वयांच्या पार्कमध्येही व्यवस्थापन तुमचं उत्पन्न आणि क्रेडिट तपासून मंजुरी देतं. उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हीच चाळणी लागणार.

शिवाय पाहुण्यांचे नियम असतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पाहुणा सलग 20 दिवस किंवा वर्षात एकूण 30 दिवसांपर्यंत राहिला तर पार्क जादा आकार घेऊ शकत नाही. आपले आई-बाबा येतात ते सहा-सहा महिने. नियमावली आधी मागून घ्या आणि दीर्घ मुक्कामाचं उत्तर लेखी मिळवा. आई इथे आल्यावर दाराला नोटीस चिकटलेली तिनं का बघावी?

व्हिसाचा हिशेब न धरणं

एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा परतायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. तेवढ्यात पार्कमधलं घर विकलं जाईल, हे गृहीत धरू नका. ते विकलं जाईपर्यंत लॉट रेंट चालूच राहतं. त्यात मे 2025 पासून एफएचए या सरकारी गृहकर्ज-विमा संस्थेच्या विम्याची कर्जं ग्रीन कार्ड नसलेल्या तात्पुरत्या रहिवाशांना बंद झाली आहेत, त्यामुळे कमी डाउन पेमेंटचा एक मोठा रस्ता मिटला. ग्रीन कार्डची रांग लांब असलेल्या घरांना मी स्पष्ट सांगेन: तूर्त भाड्यानं राहण्यात काहीही कमीपणा नाही.

भाड्याचं घर म्हणजे निर्धास्त, असं मानणं

पण तिथेही डोळे उघडे हवेत. अपार्टमेंटमधून स्वतंत्र घरात गेलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात कळतं की बर्फ काढणं, गवत कापणं, फिल्टर बदलणं, पाणी-कचऱ्याचं बिल हे सगळं करारानं आपल्यावर आहे. सही करण्याआधी या एकेका कामापुढे कुणाचं नाव आहे ते वाचा.

कॅलिफोर्नियात 2019 च्या कायद्यानं भाडेवाढ महागाई अधिक 5 टक्के आणि जास्तीत जास्त 10 टक्के अशी बांधली आहे. मात्र कंपनीच्या नव्हे तर व्यक्तीच्या मालकीचं स्वतंत्र घर करारातल्या लेखी सूचनेनं या मर्यादेतून बाहेर राहू शकतं. ते कलम बहुतेक जण वाचतच नाहीत आणि मग एकदम मोठी वाढ आली की धक्का बसतो. नोकरी गेली किंवा बदली झाली तर किती नोटीस आणि किती पैसे देऊन बाहेर पडता येईल, हे कलम मागून घ्या. घरमालक पुष्कळदा तयार होतात, विचारावं मात्र लागतं.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. डिपॉझिटचे बरेचसे वाद इथेच मिटतात. घर आतून न दाखवता पैसे मागणाऱ्या जाहिरातीला उत्तरसुद्धा देऊ नका.

जुनं घर घेताना लेबल न शोधणं

15 जून 1976 ही तारीख पाठ करा. त्या दिवसापासून या घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचं, म्हणजे एचयूडीचं, मानक लागू झालं. त्याआधीच्या मोबाईल होमला बहुतेक संस्था कर्ज देत नाहीत आणि विमाही कठीण. घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून धातूची लाल पट्टी असते. आत स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा विजेच्या पॅनेलजवळ डेटा प्लेट असते. घर कुठल्या वारा-विभागासाठी बांधलंय ते त्या प्लेटवर दिसतं. 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर, 1994 मध्ये किनारपट्टीसाठीचे नियम कडक झाले. फ्लोरिडात घेत असाल तर त्याआधीचं घर टाळा.

राहायला गेल्यावर: तक्रार एक, कारण दुसरंच

दारं अडकतात, खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला चिरा जातात, जमीन एका बाजूला उतरते. सुताराला बोलावून दार तासून घेऊ नका. खालचे आधार खचले असण्याची शक्यता मोठी असते, घर पुन्हा समपातळीत आणावं लागतं. ते केल्यावर दारं बहुधा आपोआप नीट लागतात.

डबलवाइडचा अर्धा भाग गार आणि अर्धा ऊबदार राहत असेल तर हीटर बदलण्याआधी दोन भागांना जोडणारी खालची हवेची नळी निखळलीय का ते बघा. जमीन मऊ लागणं, कुबट वास येणं ही ओलीची लक्षणं आहेत. ड्रायरची नळी घराखालीच उघडी सोडलेली असते, मातीवरचं प्लास्टिक फाटलेलं असतं किंवा स्कर्टिंगला, म्हणजे घराखालची पोकळी झाकणाऱ्या कडेच्या आवरणाला, हवा खेळायला जागाच ठेवलेली नसते. थंडीत नळ गोठत असतील तर घराच्या तळाखालचं आवरण आणि पाइपावरची हीट टेप तपासा. उंदीर तिथूनच आत येतात.

घर नवं असेल तर प्रत्येक दोष तारीख टाकून, फोटोसह, विक्रेता, बसवणारा आणि कारखाना या तिघांना लेखी कळवा. ते एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर एचयूडीकडे तंटा सोडवण्याची सोय आहे, पण ती पहिल्यांदा घर बसवल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलेल्या दोषांनाच लागू होते. म्हणून अकराव्या महिन्यात स्वतंत्र निरीक्षक बोलावून घर वरपासून खालपर्यंत तपासून घ्या.